कराराच्या कपाटाच्या दोन्ही किल्ल्या

मी, खाली सही करणार, वय ५७, धंदा नोकरी (सचिवालयात दप्तर सांभाळणे), सगळे मामा म्हणतात, राहणार सरकारी वसाहत, खोली नंबर ११, ठाण्यात आपण होऊन आलो आणि सांगतो की,

दोन वर्षांपूर्वी, निवडणुकीला चार वर्षं उरली असताना, दोन पक्षांचं मिळून सरकार झालं. एका पक्षाचे पुढारी साहेब, दुसऱ्याचे मास्तर. पहिली दोन वर्षं मुख्य खुर्ची साहेबांची, पुढची दोन मास्तरांची, असं तोंडी ठरलं. खात्यांवरून नऊ दिवस घासाघीस चालली. शपथविधी चारला होता. साडेतीन वाजले तरी कराराचा मजकूर जमेना. शेवटी दोघांनी कोऱ्या कागदाच्या तळाशी सह्या ठोकल्या. साहेब म्हणाले, "मजकूर उद्या लिहू हो, पळून का जातोय?" तो उद्या काही उजाडला नाही.

तो कागद लिफाफ्यात घालून दोन कुलपांच्या कपाटात ठेवला. दोघांकडे एकेक किल्ली. आठवड्याभरात साहेबांनी त्यांची माझ्याकडे दिली. "मामा, तुम्हीच ठेवा. आमच्या लोकांचा नेम नाही." दोन दिवसांनी मास्तरही त्याच कामाला आले. एकाचं दुसऱ्याला मी बोललो नाही. दोन्ही किल्ल्या माझ्या चष्म्याच्या डबीत असत. बायको म्हणायची, "अख्खं सरकार डबीत, आणि घराची किल्ली तेवढी रोज विसरायची!"

सोमवारी अकराला साहेब आले. "मामा, चारही वर्षं माझी, असं वर लिहून टाका. तुमचं अक्षर चांगलं आहे." दोनला मास्तर आले. "उद्यापासून खुर्ची माझी आणि गृहखातंही माझंच, एवढीच ओळ घाला. तुमची नोकरी वाढवून देतो." दोघांनाही मी "बघतो" म्हणालो.

साडेतीनला मी कपाट उघडलं. सह्या अस्सल होत्या. वर काहीही लिहिलं असतं तरी खरं ठरलं असतं. मी कागद फाडून बादलीत भिजवला. राग आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. शपथविधीला टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

बुधवारी सरकार पडलं. करार चोरीला गेला म्हणून दोघांनी तक्रार दिली आहे. दोन्ही तक्रारींत त्याचा मजकूर वेगवेगळा आहे. चोरी झालेली नाही. करार कधी झालाच नव्हता. निवृत्तीला पाच महिने उरलेत. पेन्शनवर पाणी सोडावं लागेल, हे मला कळतं.

हवालदारांनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं, ते मी सांगितल्याप्रमाणे आहे. शेवटच्या ओळीखाली चार बोटं जागा उरली होती. तिथे आडवी रेघ मारून घेतली, मगच सही केली.