सरांची सुट्टी, माझे सोमवार

...आणि एवढं सगळं ऐकून घेतल्यावर, मैत्रिणींनो, आमचे हे म्हणतात काय? ‘बघू’! आयएसडीवर ‘बघू’! अहो, घरात बसलेला नवरा ‘बघू’ म्हणाला तर म्हणू दे, ते फुकट असतं. पण मालदीवहून अख्खा समुद्र ओलांडून येणाऱ्या ‘बघू’चं बिल मला नालासोपाऱ्यात भरावं लागतं हो! पण थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर आपल्या हंसाबेन म्हणतील, यमुनाताई शेपटाकडूनच सुरू झाल्या.

आमचे हे म्हणजे सदानंद सर. गणिताचे. इथं क्लासमध्ये शिकवायचे. क्लासवाला पगार द्यायचा तेव्हा द्यायचा, फ्लॅटचा हप्ता मात्र वेळेवर हजर! तेवढ्यात पेपरात जाहिरात आली, मालदीवच्या शाळेत शिक्षक पाहिजेत. मी त्याच श्रावणात सोळा सोमवार धरले. निर्मळच्या देवळात पदर पसरला, म्हटलं, महादेवा, यांना नोकरी लागू दे, सोळा सोमवार कडक करीन आणि सतराव्याला आम्ही दोघं जोडीनं पाटावर बसून तुला चुर्म्याचा नैवेद्य दाखवू. आणि देव तरी किती भोळा! मागायचा अवकाश, पत्र आलं, व्हिसा आला, सोळा सोमवार झाले आणि सतरावा यायच्या आत, आदल्या शनिवारी, विमान! मी विमानतळावर हात हलवतेय, कडेवर आमची लेक उन्नती भोकाड पसरतेय, हे काचेपलीकडे दिसेनासे झाले, आणि मला एकदम आठवलं... अगं बाई! उद्यापन!

धावत गुरुजींकडे. गुरुजींनी पंचांग मिटलं. “वहिनी, नवस जोडीचा बोललात, एकट्याचा पाट मी कसा मांडू? सर येईपर्यंत सोमवार चालू ठेवा.”

“अहो पण गुरुजी, ते वर्षानं येणार!”

“मग वर्षभर ठेवा. महादेवाला आनंदच आहे!”

महादेवाला आनंद आणि मला ॲसिडिटी! पण केले हो. डोळे मिटून केले. आषाढी गेली, श्रावण पुन्हा आला, मी आपली सोमवार आला की भगर, वऱ्याचे तांदूळ, भगर... एकच आहेत ते दोन्ही, पण मनाला तेवढाच बदल! एकच आशा, डिसेंबरात तिकडच्या शाळेला लांबलचक सुट्टी असते, तेव्हा येतील.

तर दिवाळीच्या सुमारास फोन. “यमुना, इथं एक नियम आहे.” यांचा आवाज असा, की ह्यांनीच तो मोडलाय! “बाहेरच्या देशातल्या शिक्षकानं सुट्टीत बेटावर राहिलं तर सुट्टीचा पगार मिळतो. घरी गेलं तर नाही.”

आता तुम्हीच सांगा, ह्याला सुट्टी म्हणायची का वॉचमनकी? घरी जाऊ नका, रिकाम्या शाळेकडे बघत बसा, पैसे घ्या!

“पगार नाही तर तिकीट कुठलं काढू? हप्ता कसा भरू? यंदा राहतो इथंच.”

वर्षभर बाप दिसला नव्हता पोरीला. बालवाडीत सांगून आली होती, ‘माझे बाबा फोनच्या डब्यात राहतात.’ म्हटलं, “अहो, प्रिन्सिपॉलशी बोला की! भांडू नका, नुसतं मागा!”

“बघू.”

कोपऱ्यावरच्या आपल्या क्लेमेंटीनबाईंचा तो आयएसडीचा बूथ. मी काचेच्या आत, त्या काचेबाहेर, आणि लाल आकडे नुसते पळतायत! क्लेमेंटीनबाईंचा जीव माझ्याहून वर-खाली. काचेवर टकटक करून ओरडतात, “अगं यमुना, नवऱ्याला सांग, देवानं तोंड काय नुसतं जेवायला दिलंय?” आणि मला म्हणतात, “मी मेरीमातेला मेणबत्ती लावते, तू तुझ्या महादेवाला बेल वाहा, पण त्या माणसाला बोलता कर!”

मी काय नाही केलं! घासाघीस शिकवली. म्हटलं, “बाजारात मी करते तसं करा. किंमत ऐकली की तोंड वाकडं करायचं, उठायचं, दोन पावलं चालायला लागायचं. मागून हाक येतेच.”

“यमुना, बेट आहे. दोन पावलांवर समुद्र लागतो.”

बरं, मग तालीम घेतली. म्हटलं, “मी प्रिन्सिपॉल. तुम्ही तुम्हीच. या आत.”

तिकडून, “मे आय कम इन, सर?”

मी जाड आवाज काढला, “कम इन!”

आणि पुढे... शांतता! आकडे पळतायत, मी श्वास धरून उभी, क्लेमेंटीनबाईंनी क्रूस केला...

“थँक यू, सर,” म्हणाले आणि फोन ठेवला!

मला पण घाबरले हो! मी खोटी प्रिन्सिपॉल, नऊवारीतली, तरी मला थँक यू म्हणून निघून गेले! मी देवाकडे रोज हात पसरते, आणि ह्यांना माणसाकडे शब्द टाकता येत नाही? पुन्हा फोन लावला, तर काय? ‘बघू’!

आणि मग एका मंगळवारी क्लेमेंटीनबाई जिन्यात धापा टाकत आल्या, “चल, फोन आहे, हसतोय तो!”

हसतायत? धावले. झालं होतं असं, की आदल्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. कशाला, तर वेळापत्रकाला. चहा आला, बिस्किटं आली. हे म्हणाले, “नो सर. मंडे.”

“व्हॉट मंडे?”

आता पगाराचा प्रश्न असता तर हे थँक यू म्हणून उठले असते. पण सोमवारचं सांगायला लाज कसली? घडाघडा बोलले! बायकोनं सोळा सोमवार धरले, जोडीशिवाय ते सुटत नाहीत, ती वर्षभर उपाशी, म्हणून मीही इथं सोमवारी जेवत नाही...

थांबा. मीही? मी फोनवरच विचारलं, “तुम्हीही?”

“हो, मग? तू तिकडे भगर खाणार आणि मी इथं ताव मारणार?”

वर्षभर ह्या माणसाच्या ‘बघू’वर मी चरफडले, आणि तो तिकडे गुपचूप माझ्यासाठी उपाशी!

ते प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः रोजे धरणारे. त्यांनी बशी बाजूला सारली, म्हणाले, “सदानंद, माझ्या शाळेच्या नियमापायी एका बाईचा उपास सुटत नाही? वर मी काय तोंड दाखवू? जा घरी, पगारासकट जा!” आणि एकट्यासाठी नियम बदलता येईना, म्हणून कमिटीसमोर मांडून तिथल्या सातही परदेशी शिक्षकांचा बदलला! केरळचे मास्तर म्हणे ह्यांच्या गळ्यात पडून रडले.

आले हो आले! जोडीनं पाटावर बसलो, चुर्मा झाला, क्लेमेंटीनबाईंनी पुढच्या ओळीत बसून आरतीला टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या सोमवारी मी सकाळी नऊला पोहे खाल्ले! सोमवारचे पोहे काय लागतात, तुम्हाला नाही कळायचं!

सुट्टी संपली. निघताना बूट घालता घालता हे म्हणाले, “यमुना, एक राहिलं. कमिटीनं ते यंदापुरतंच मंजूर केलंय. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी हेच कारण असेल तर पुन्हा मांडतो. आणि बाकीचे सगळे मास्तर म्हणतायत, वहिनींना आमचा नमस्कार सांगा.”

“अहो, मग पुढच्या वेळी सरळ पगार मागा ना!”

“बघू.”

म्हटलं, ठीक आहे, श्रावणापासून धरते. तर म्हणतात, “श्रावणापासून सोळाच होतील गं. कमिटीच्या कागदावर वर्षभराचे लिहिलेत.”

तेव्हा हंसाबेन, हळदीकुंकू लावा, वाण द्या, पण ती बटाटेवड्याची बशी शेजारी सरकवा. सात मास्तरांचा पगार आहे माझ्या पोटावर... आज सोमवार ना!