कोटाचं कापड

गोष्ट एकोणीसशे ब्याण्णवच्या हिवाळ्यातली. नवऱ्याच्या रिपोर्टसाठी मास्तरीणबाई कॅन्सरच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची धाकटी नणंद. उपचार संपूनही त्या शिवणाऱ्या बाईच्या तपासण्या चालूच होत्या.

"वहिनी, पाय हलवू नकोस. बाक हलतंय."

"मशीनची सवय."

"मशीनवर धूळ बसलीय. कोटाचं कापड आणून ठेवलंस, त्याला कात्री काही लावली नाहीस."

"रिपोर्ट येऊ दे."

"मागचा चांगला आला, तेव्हा म्हणालीस, पुढचा येऊ दे."

"दुखणं उलटलं असलं तर? एवढं लोकरीचं कापड फुकट घालवू?"

"तो प्रश्न मिटला. काल मी कापलं."

"तू? तुला सरळ रेघ मारता येत नाही."

"म्हणून तर वाकडं कापलंय."

"माप कुणाचं घेतलंस?"

"तुझ्या जुन्या कोटाचं."

"अगं, तेव्हा मी अंगानं भरलेली होते. आता त्यात माझ्यासारख्या दोघी मावतील."

"मग भर पुन्हा. नको कोण म्हणतंय?"

"बाह्या तरी धड आहेत?"

"एक आखूड झालीय."

"शिवणीला कापड सोडलंस ना?"

"सोडायचं असतं?"

"ऊठ. घरी चल. आधी बघू दे काय वाटोळं केलंस."

तेवढ्यात आतून वहिनीला हाक आली. पिशवी नणंदेकडे देऊन ती गेली. दार लागलं, तशी नणंदेनं पिशवी छातीशी घट्ट धरली आणि आता तिचेच पाय हलायला लागले.

मास्तरीणबाईंचे यजमान पुढच्या वर्षी गेले. त्या दोघी मात्र त्यांना कितीतरी हिवाळे बाजारात दिसत राहिल्या. पिशवी नणंदेच्याच हातात असायची. वहिनीच्या कोटाच्या एका बाहीला जोड होता, आणि शेवटी शेवटी तर तो कोट तिच्या अंगाला घट्ट व्हायला लागला होता.