नखाएवढी जिलबी

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुम्ही म्हणे बाहुलीचा स्वयंपाक करता?" करतो! लपवायचं काय त्यात? तीस वर्षं सातपूरच्या कंपनीत, टूलरूममध्ये काढली, केसाएवढ्या फरकावरून सुपरवायझरशी भांडलेला माणूस मी, दोन हजार तीन साली कंपनीनं हातात व्हीआरएस ठेवली आणि नमस्कार केला, मग या हातांनी करायचं काय? जपमाळ ओढायची? नातीच्या बाहुलीला भूक लागली होती, मी जेवायला घातलं, विषय संपला!

आणि जेवायला म्हणजे कसं, तुम्हाला सांगतो... पॉलिमर क्ले म्हणून एक माती मिळते, माती कसली, प्लॅस्टिकचा मऊ गोळाच, आमच्या ललितनं, मुलानं, मुंबईहून आणला. तो मळायचा, रंगात रंग मिसळायचा, आकार द्यायचा, ओव्हनमध्ये एकशेतीस डिग्रीला अर्धा तास भाजायचा, की दगड! बाजरीची भाकरी, अठरा मिलिमीटर, टूलरूममधला मापाचा व्हर्नियर लावून! तिच्यावरचे फोड जुन्या टूथब्रशनं टोचून काढलेले. वांग्याचं भरीत, ठेचा, पिठल्यावरची मोहरी... एकेक मोहरी सुईच्या टोकानं! शेजारचे रावजी बघून म्हणाले, "धनराजभाऊ, मलाही वाढा की!" सगळं झकास चाललं होतं हो. जिलबी करायला घेईपर्यंत.

आता मी मानत नाही हां असलं काही! भूतबीत, आत्माबित्मा, अजिबात नाही! पण माझी थोरली बहीण, अक्का... तिचं सांगायलाच हवं.

अक्का चांदवडची. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, म्हातारपणी सिडकोतल्या आमच्या घरी राहायला आली, येताना एक ट्रंक आणली आणि चारशे दहा शुगर! डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, "गोड बंद. तुम्ही जरा लक्ष ठेवा." मला? टूलरूमच्या माणसाला लक्ष ठेवायला सांगितलं? साखरेच्या डब्याला कुलूप! गुळाला कुलूप! देवापुढची खडीसाखर, तिचे खडे मोजलेले! आणि त्या बाईला आवडावं काय, तर भद्रकालीतल्या हलवायाची गरम जिलबी. पुडी घरात आली की डाव्या गुडघ्यावर हात ठेवत, लंगडत लंगडत यायची आणि करंगळी पुढं करायची, "धन्या, येवढीच दे रे. नखायेवढी. नखानं काय व्हतंय?" आणि मी, "नखाएवढीपण नाही, अक्का! शुगर वाढेल!" चार वर्षं! दिवाळीला तेच, ललितच्या लग्नात तेच. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिचं बोलणं बंद झालेलं, तर नुसतं नख दाखवलं... आणि मी काय म्हणालो असेन? बरोबर. तेच म्हणालो.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. एरवी तिथं कावळ्यांची कोण गर्दी, हातातलं ओढून नेतात, त्या दिवशी एक फिरकेल तर शपथ! मी हात जोडून एकेक कबूल करतोय, "अक्का, चांदवडचं घर विकणार नाही... अक्का, तुझी ट्रंक कुणाला देणार नाही..." छे! कोपरानं ढोसत आमची ही म्हणते, "अहो, जिलबीचं म्हणा ना!" पण चार लोकांत, गुरुजींच्या समोर... लाज वाटली हो मला! दोन तासांनी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिवला, झालो मोकळे. म्हणजे आम्ही झालो. अक्का झाली का, ते कुणी विचारलं?

तर जिलबी! सृष्टी, आमची नात, चार वर्षांची, म्हणाली, "आबा, बाहुलीला गोड नाही का?" घेतली करायला. पिवळ्यात थोडा केशरी, शेवईएवढी वळी, तीन वेढे, भाजायला ठेवली. आता ही माती भाजताना वास कसला येतो? प्लॅस्टिकचा! त्या दिवशी तुपाचा आला. तूप आणि केशर! ही बाहेरच्या खोलीतून ओरडली, "अहो, जिलबी आणलीत आणि सांगितलं नाहीत?" म्हटलं, नाक धुऊन ये! ओव्हन उघडला. सहा ठेवल्या होत्या. पाच निघाल्या! ट्रे उलटा केला, बॅटरी मारली, ओव्हनचा मागचा पत्रा खोलला... पाच! सृष्टी शांतपणे म्हणते, "आत्याआजीनं घेतली." अहो, अक्का गेली तेव्हा ही पोरगी जन्मलीसुद्धा नव्हती! सहज व्हर्नियर लावला, तर नऊ मिलिमीटर. माप मी ठरवलंच नव्हतं. मग भीत भीत करंगळीच्या नखाला लावला... नऊ.

मी मानत नाही हां! पण पुन्हा सहा केल्या. पाच. पुन्हा सहा. पाच! आणि सातवी करावी असं मनात आलं की कानाशी हळूच, "धन्या..."

शेवटी पितृपक्षात म्हटलं, बस झालं! भद्रकालीत जाऊन खरी जिलबी आणली, गच्चीवर पान वाढलं. तासभर बसलो. आकाश मोकळं! मग सृष्टी बाहुलीचं स्टीलचं ताट घेऊन आली, मातीची भाकरी, मातीचं भरीत, मातीची जिलबी, आणि ठेवलं पानाशेजारी. आणि आला! कुठून आला माहीत नाही, कठड्यावर उतरला, आणि चालत आला... डावा पाय ओढत. खऱ्या पानाकडे बघितलंसुद्धा नाही, ताटातली नखाएवढी उचलली आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. म्हटलं, अक्का, मागितलीस तेवढीच घेतलीस गं! डोळ्यांना धार लागली माझ्या.

टक्! टक्! फुटेना. कशी फुटेल, अर्धा तास भाजलेली! त्यानं मान तिरपी केली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी चार वर्षं बघितलीय हो. आणि टाकली ती खाली... टण्! तसाच लंगडत पानाशी आला, खरी जिलबी, अख्खी, पाक गळणारी, चोचीत धरली. ही रडतेय, मी रडतोय, हात जोडलेले. आता सुटली, म्हटलं, सुटली बिचारी... आणि तुम्हाला सांगतो, चार वर्षांची सवय, जिभेला हाड नाही, माझ्याच तोंडून खणखणीत निघालं,

"अक्का, अख्खी नको! शुगर वाढेल!"

जिलबी पानात. कावळा आडगावच्या दिशेला... मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

ही चार दिवस बोलली नाही माझ्याशी. मी मानत नाही हां असलं काही, पण ओव्हनमध्ये अजून सहा ठेवतो आणि पाच काढतो. आणि पुढच्या पितृपक्षात पान एकटी हीच ठेवणार आहे, मला खाली बसवून, गच्चीला कुलूप घालून. कुलूप तेच, साखरेच्या डब्याचं. किल्ली तिच्याकडे.