चौघांचा खर्च

(रविवारची दुपार. सोलापूर, अक्कलकोट रोडलगतच्या वस्तीत दोन खोल्यांची भाड्याची जागा. बिरुदेव, त्याची बायको रुपाली आणि अकरा वर्षांची मुलगी वैष्णवी. धाकटा मल्हार बाहेर खेळतो आहे.)

बिरुदेव : आता भाडं लिही. हितं साडेचार, तितं चाकणला साडेनऊ.

वैष्णवी : साडेनऊ हजार? दोन खोल्यांना?

बिरुदेव : एका खोलीला. कोपऱ्यात सैपाकाचा कट्टा. माझा दोस्त बसू दोन वर्सं झाली चाकणात राहतोय, त्याला समदं म्हाईत हाय. म्हणला, ह्याच्यापेक्षा स्वस्त पायजे असंल तर पत्र्याचं बघावं लागंल.

रुपाली : पत्र्याखाली मी राहायची नाही. आधीच सांगून ठेवते.

बिरुदेव : कोण म्हणतंय तुला ऱ्हा म्हणून? पाण्याचं हजार लिही, वैशे. टँकर हाय तितं.

वैष्णवी : इथे पाणी चार दिवसांनी येतं, पण वेगळे पैसे नाहीत. लिहिलं. साडेदहा झाले.

बिरुदेव : किराणा, भाजी, समदं मिळून साडेसात. मंगळवेढ्याची ज्वारी तितं सत्तर रुपये किलो हाय म्हणं. हितं आपण पन्नासला आणतो.

वैष्णवी : हे चौघांचं धरलंय ना?

बिरुदेव : चौघांचंच की. लिही.

वैष्णवी : अठरा हजार.

बिरुदेव : दूध अठराशे. गॅस अन् लाईट मिळून दोन हजार. गाडीचं पेट्रोल दोन. मोबाईलचं सातशे. अन् गावाकडं आईला दोन हजार, ते तर द्यायलाच पायजेत.

वैष्णवी : सव्वीस हजार पाचशे.

बिरुदेव : बघ रुपे, कागदावर बेरीज न मांडता! मला तर बोटंबी पुरत न्हाईत.

रुपाली : पुढं बोला. सारखं कौतुक नको.

वैष्णवी : पगार किती मिळणार, पप्पा?

बिरुदेव : एकतीस हातात. हितं टॉवेलच्या कारखान्यात साडेअठरा. तितं गोडाऊनचा सुपरवायजर, म्हंजे खुर्चीचं काम. बसूनंच माझ्यासाठी शब्द टाकला.

वैष्णवी : म्हणजे पगार साडेबारा हजारांनी वाढतो आणि शेवटी हातात उरतात साडेचार.

बिरुदेव : तेच तर सांगतोय. लोकांना वाटतंय, चाकणला निघालाय, आता सोन्याची कौलं घालतोय. आता शाळा लिही. मल्हारची इंग्लिश मिडियमची फी महिन्याला तीन, अन् व्हॅनचे बाराशे.

वैष्णवी : बेचाळीसशे. तीनशे उरले.

बिरुदेव : हां. आता तुझी.

वैष्णवी : माझी पण त्याच शाळेत?

बिरुदेव : समज की तसं. समजून लिही.

वैष्णवी : मग एकोणचाळीसशे कमी पडतात.

बिरुदेव : कमी पडत्यात. बघितलंस? मी न्हाय म्हणत हां, तुझाच हिशेब म्हणतोय.

वैष्णवी : पण मला इंग्लिश मिडियम नकोच आहे. मी मराठीतच शिकते की. तिथे सरकारी शाळा असेल. तिथे फी नसते.

रुपाली : हाय सरकारी शाळा. पण लांब हाय.

वैष्णवी : किती लांब?

बिरुदेव : बसू म्हणला, दोन-अडीच किलोमीटर.

वैष्णवी : मग फीचे तीन हजार गेले. आता नऊशेच कमी. व्हॅन पण नको मला, चालत जाईन. बाराशे गेले. तीनशे उरतात, पप्पा! मल्हारची फी लिहिल्यावर उरले होते तेवढेच. बसतंय सगळं.

बिरुदेव : आण हिकडं, बघू दे कागद.

वैष्णवी : पप्पा, बसतंय ना?

बिरुदेव : रुपे, तू बोल की काहीतरी.

रुपाली : मधी हायवे हाय. रात्रंदिवस ट्रक चालू असतात. पोरीच्या जातीला एकटं कसं पाठवायचं?

वैष्णवी : मी अक्कलकोट रोड एकटीच ओलांडते. दुसरीपासून. आता तर मल्हारचा हात धरून.

रुपाली : उलट बोलायचं नाही.

वैष्णवी : उलट नाही बोलत. रस्त्याचं सांगतेय.

बिरुदेव : अगं, वह्या, पुस्तकं, कपडे... आता तू मोठी व्हायलीस, तुझा खर्च वाढणार का न्हाय?

वैष्णवी : पुस्तकं शाळेत मिळतात. कपडे दिवाळीलाच घेता तुम्ही. आणि खाण्याचं साडेसात हजारांत आलंय, मी विचारलं होतं तुम्हाला. अजून कमी पाहिजेत का? मी दूध पीत नाही. दुधातले तीनशे काढा.

रुपाली : बास कर गं. भाजीवालीसारखी घासाघीस लावलीय मघापासून.

वैष्णवी : मम्मी, तू कामाला गेलीस तर? तिथे पॅकिंगला बायका घेतात, पप्पाच म्हणाले होते. मल्हारला मी सांभाळीन. भाकरी पण येतात मला आता.

रुपाली : अहो, सांगा तिला. किती वेळ खेळवताय?

बिरुदेव : वैशू, हे बघ बाळा. पैशाचंच न्हाय सगळं.

वैष्णवी : मग हिशेब कशाला केला?

बिरुदेव : तू आज्जीकडं ऱ्हायचंय. गावाला.

वैष्णवी : सुट्टीत?

रुपाली : सुट्टीत नाही. राहायला.

वैष्णवी : आणि तुम्ही?

रुपाली : आम्ही तिघं चाकणला.

बिरुदेव : ऐक, ऐक. रडायचं न्हाय. शहाणी हायस का न्हाय? आज्जीला आता दिसत न्हाय नीट. एकटी हाय. अन् तुझा चुलता, जोतिराम, बांधाला घर बांधून बसलाय. उद्या आज्जीला काय झालं, तर म्हणंल, म्हातारीला मी बघितलं, घर माझं, शेळ्याबी माझ्या. आपण सोलापुरात होतो तवर हप्त्याला चक्कर व्हायची. चाकणवरनं कोण येणार? आपल्यातलं एक माणूस दारात दिसलं पायजे.

वैष्णवी : मी अकरा वर्षांची आहे, पप्पा.

बिरुदेव : असू दे की. माणूस ते माणूस. लोकांनी बघितलं पायजे, बिरुदेवची पोरगी हितं राहती.

वैष्णवी : मग मल्हारला ठेवा. तो पण माणूस आहे.

रुपाली : जिभेला हाड नाही हिच्या! सात वर्षाचं लेकरू ठेवती का मी शेळ्यांमागं? त्याची शाळा हाय.

वैष्णवी : माझी पण शाळा आहे.

रुपाली : तुझी फुकटची हाय. ती कुठंबी असती.

बिरुदेव : रुपे, जरा दमानं.

रुपाली : दमानं काय? तुमच्यामुळं झालंय हे. पंधरा दिवस सांगतेय, सरळ सांगा, एका वाक्यात सांगा. तर म्हणे हिशेब मांडू, तिच्याकडनंच मांडून घेऊ, म्हंजे तिलाच पटंल. पटलं? तीनशे रुपये उरवून दाखवले पोरीनं तुम्हाला.

वैष्णवी : पंधरा दिवस?

बिरुदेव : तसं न्हाय गं. ठरत ठरतच होतं.

वैष्णवी : पप्पा, शुक्रवारी बाईंनी मला पेन दिला. निळा, डबीतला. म्हणाल्या, गेल्यावर पण लिहीत जा, सोडू नकोस. मला वाटलं चाकणला गेल्यावर.

बिरुदेव : हां. ते... दाखला आणायला गेलो होतो मी.

वैष्णवी : माझा दाखला आणला?

बिरुदेव : कपाटात हाय. गावच्या शाळेच्या नावानं. गुरुजी वळखीचं हायत, पुढच्या सोमवारी नाव घालत्यात.

वैष्णवी : बाईंना काय सांगितलं तुम्ही?

बिरुदेव : आता काय सांगणार... म्हणलं, आज्जीचा लई लळा हाय, पोरगीच हट्ट धरून बसलीया.

वैष्णवी : मी?

बिरुदेव : बाईंनी लई खोदून इचारलं. म्हणल्या, हुशार हाय, स्कॉलरशिपला बसवायची होती. मग दुसरं काय सांगायचं माणसानं?

वैष्णवी : गावची शाळा सातवीपर्यंतच आहे. मी आता सातवीतच जाणार. पुढं?

बिरुदेव : पुढचं पुढं. वरीस जायला काय येळ लागतो?

रुपाली : मी पण सातवीच शिकले. काय अडलंय माझं? असं बघू नको माझ्याकडं. मला कुणी विचारलं होतं? दहाव्या वर्षी अकलूजला मामाच्या दारात नेऊन सोडलं. आई-बाप अन् भाऊ ऊसतोडीला गेले कर्नाटकात. म्हणाले, पट्टा पडला, कारखाना बंद झाला की नेतो. मामीच्या घरचं शेणघाण काढलं, धुणी धुतली. मेले का मी? उभी हाय ना तुझ्यापुढं?

वैष्णवी : परत कधी नेलं तुला?

रुपाली : काय?

वैष्णवी : तुझ्या आईनं. परत घरी कधी नेलं?

रुपाली : ...लग्नाच्या आदल्या महिन्यात.

बिरुदेव : आता ते जुनं कशाला उकरायलीस, वैशे? तुझी मम्मी तुला टाकून चालली न्हाय. दिवाळीला येऊ की आमी. उन्हाळ्यात तू यायचं चाकणला, आठ दिस.

वैष्णवी : मम्मी, तुला तिथे करमायचं का?

रुपाली : नाही करमायचं.

वैष्णवी : मग?

रुपाली : मग काय? मग सवय झाली. तुला पण होईल. पहिले सहा महिने वाईट असतात. नंतर माणूस वाट बघायचं सोडतं, मग काही वाटत नाही. डोळे पूस. मल्हारपुढं रडायचं नाही. त्याला अजून सांगितलेलं नाही. तू येणार नाही म्हणलं की तो गाडीत बसायचा नाही.

वैष्णवी : त्याला काय सांगणार?

रुपाली : तूच सांगायचं. मागनं येते म्हणायचं.

बिरुदेव : शहाणी हाय माझी लेक. सांगंल ती. आता एक काम कर. आज्जीला फोन लावतो, तिच्याशी बोल. सकाळधरनं दोनदा फोन आला तिचा.

वैष्णवी : आज्जीला माहीत आहे?

बिरुदेव : म्हाईत हाय. पण म्हातारी ऐकंना. म्हणती, पोरीचं नुकसान करू नका, मी हाय ती बरी हाय. मग मी म्हणलं, अगं, तिलाच यायचंय. तर म्हणती, तिच्या तोंडानं ऐकू दे.

वैष्णवी : आणि मी नाही म्हणाले तर?

रुपाली : तर घर जोतिरामच्या घशात जाईल. चाकणला गेलो तरी हेच ऐकत बसायचं आम्ही, तुझ्यापायी घर गेलं म्हणून. तू तिथं आमच्यात बसून जेवशील रोज, अन् रोज मला ते आठवंल. चालंल तुला?

बिरुदेव : रुपे!

रुपाली : खोटं बोलू का मग? लावा फोन.

बिरुदेव : लागला, लागला. हॅलो, आई? व्हय, मीच. जेवलीस का? बरं. ही बघ, वैशू हाय. म्हणली, कवा एकदा आज्जीशी बोलते असं झालंय.

गोजाबाई (आज्जी, फोनवर) : तू गप. पोरीकडं दे. अन् त्ये आवाज मोठा करायचं असतंय, त्ये बंद कर. मला तिच्यासंगं एकटीसंगं बोलायचंय.

बिरुदेव (बंद न करता) : व्हय, केलं बंद. घे गं वैशू, बोल. बोल की.

वैष्णवी : हॅलो. आज्जी.

गोजाबाई : बाळा, बिरू म्हणतोय, तुलाच हितं यायचंय म्हणून. खरं हाय का?

वैष्णवी : हो.

गोजाबाई : कशाला गं? हितं काय हाय? चार शेळ्या अन् मी म्हातारी. आईबाप सोडून कुणी येतंय व्हय? मला ताप आला तर मी पडून राहीन. तुला आला तर मी कुणाला हाक मारू? जोतिरामाची बायको माझ्याशी बोलत न्हाय. तू मनातलं सांग. मी बिरूला शिव्या घालते, तुला कोण काय म्हणणार न्हाय.

वैष्णवी : मला यायचंय, आज्जी. करमतं मला तिथे.

गोजाबाई : तुझा आवाज का असा?

वैष्णवी : सर्दी झालीय.

गोजाबाई : वैशू, खरं सांग. कोण हाय गं तुझ्याजवळ?

वैष्णवी : कुणी नाही, आज्जी.