पुढच्या चाकांतली हवा

—नाही, तू बस. खाली थांबवेना म्हणून तर वर आलीस ना, मग बस निवांत. तो गाडी घेणारा माणूस यायचा तेव्हा येईल, आला की मला या खिडकीतून दिसेलच, या खिडकीतून काय दिसत नाही — तुझी आई म्हणायची, मावशींच्या खिडकीला पडदा लावून काय उपयोग, त्या पडद्यालाच डोळे फुटतील. गेली बिचारी, पण बोलायची झकास. बघ, मिस्त्री गाडी धुतायत. तुझ्या बापाला मिस्त्री म्हणते म्हणून राग नको धरूस, अख्खी गल्ली म्हणते, माझ्या तोंडात तेच बसलंय. केव्हाचे त्या एकाच दारावर फडकं फिरवतायत. विकायची गाडी इतकी कोण धुतं, सांग. आणि तू आरशात बघितलंस का स्वतःकडे? डोळे कसे झालेत. म्हणे, "मावशी, माझा हात गेला." हात जायला तुझं वय काय, बाई. हात गेला माझा — मीठ टाकलं की नाही ते दोनदा चाखून बघते. तू गेल्या मोसमापर्यंत पहिल्या तिघांत यायचीस, दर शर्यतीला. हात असा एका मोसमात जातो होय?

बरं, बरं, सांगितलंस तू, आठवतंय मला. इथंच बसून सांगितलंस, परवा शर्यतीत गाडी मातीत गेली तेव्हा. वळण आलं, स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी ऐकेचना — पुढची चाकं वळलेली आणि गाडी आपली सरळ, थेट ट्रॅकच्या बाहेर मातीत. मी म्हटलं सुटलीस, नुसत्या मानेच्या लचकेवर भागलं. आणि मिस्त्री काय म्हणतात? म्हणतात, तू ब्रेक उशिरा मारतेस, तुझा हात जड झालाय, नजर आधी वळणाच्या पलीकडे जायला हवी ती जात नाही. अख्खा मोसम हेच चाललंय. आता ते मनाला नको लावून घेऊस, बापमाणूस आहे, शिकवताना कडकच बोलणार. त्यांनाही काही सुख नाही. तू मातीतून घरी आलीस ना, तेव्हापासून जेवत नाहीत धड. मी डबा पाठवते तो अर्धा परत येतो. मी म्हटलं, असेल, पोरीनं गाडी विकायची काढली, दोघांनी मिळून बांधलेली गाडी, मागची सीट काढली, दारांचं अस्तर काढलं, एकेक किलो कमी केलं — जीव तुटत असेल.

तर मी तुला काय सांगत होते — हात नाही गेला तुझा. मला गाडीतलं काय कळतं म्हणशील, सातवीनंतर शाळा सुटलेली बाई. पण तुमची शेड आहे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. इतकी वर्षं मी भाजी चिरतेय आणि खाली तुम्ही दोघं टायरवरून भांडताय. कान काय झाकून ठेवू? एवढं मला पाठ झालंय की ट्रॅकवर टायर तापतो, तापला की आतली हवा फुगते, म्हणून सकाळी थंड असताना कमीच ठेवायची. मग दोन-तीन फेऱ्या झाल्या की ती फुगून बरोबर हवी तिथं येते. आधीच भरून ठेवली तर तापल्यावर टायर मधोमध फुगणार, कडा उचलल्या जाणार, आणि जमिनीला टेकणार तो नुसता मधला पट्टा. मी म्हटलं होतं ना तुम्हाला, म्हणजे माझी ती उशी, कापूस ठासून भरलेली — डोकं टेकलं की घरंगळतं. तू किती हसलीस. आणि मिस्त्री म्हणाले, अगदी बरोबर बोलल्या वहिनी, अशीच घरंगळते गाडी. फार कमी ठेवली तरी पंचाईत, मग टायर फतकल मारून बसतो, वळायला आळस करतो. बघ, आहे की नाही लक्षात. परीक्षा असती तर पास झाले असते.

तर तुमचं ठरलेलंच होतं, गाडी तू चालवायची आणि हवा मिस्त्रींनी बघायची. ते हवा मोजायचं गेज, घड्याळासारखं, ते कधी त्यांनी तुझ्या हातात दिलं नाही. बरोबर आहे ना? शर्यतीच्या दिवशी सकाळी माझं दूध गॅसवर असायचं आणि खालून आवाज यायचा — फुस्स, मग शांत, परत थोडंसं फुस्स. हवा सोडतायत, गेजमध्ये बघतायत, परत सोडतायत. इतकं सवयीचं झालं होतं की आवाज आला नाही तर मी म्हणायचे, आज शर्यत नाही वाटतं. आणि या मोसमात बघते तर उलटंच. पायानं दाबायचा तो पंप आहे ना तुमच्याकडे, जुना — खच्चक, खच्चक, खच्चक. हवा भरतायत. तेही मागं नाही, पुढंच. मी वाकून बघितलंय, खोटं कशाला सांगू. म्हटलं, झालं, टायर म्हातारे झाले, हवा धरत नाहीत, बिचाऱ्यांना दर वेळी भरावी लागतेय. आणि तुला ते कळू देत नाहीत, तुझं लक्ष शर्यतीवर राहावं म्हणून. मलाच सांगून ठेवलं होतं, वहिनी, सकाळी तिला जरा वर बोलवून घेत जा, उपाशी पळते, दोन घास घाला पोटात. म्हणून तर तुला हाक मारत होते मी, पाव-अंडं खायला. तू खायचीस वर आणि ते खाली पंप मारायचे. मला किती बरं वाटायचं, म्हटलं, आई नाही पोरीला, पण बाप किती बारीक बघतो. आणि गाडी वळत नव्हती ती टायरमुळं, तुझ्यामुळं नाही. नवे टायर टाका, गाडी विकायची कशाला — हे सांगायला मी सकाळपासून तुझी वाट बघतेय.

काय?

नवीन आहेत? कधी घातले? मोसमाच्या सुरुवातीला, चारही? पण मग — थांब. मग त्यांत हवा भरायची कशाला? गळत असेल एखादा. दोन्ही कसे गळतील म्हणतेस, तेही खरं. अगं, पण मला काय कळतं त्यातलं, मी आपली वरून बघणारी. पंप दुसऱ्या कशाला लावला असेल. सायकलला. आहे का तुमच्याकडे सायकल? नाही. हे घे, पाणी पी बाई. मी परवा कपडे वाळत घालायला खाली गेले तेव्हा बघितलं, पुढच्या चाकांचं मधलं कसं गुळगुळीत झालंय, हात फिरवला तर चकचकीत, आणि कडेचे काटे कोरेकरकरीत, जसे दुकानातून आणलेत तसे. मी म्हटलं ही तुमची काही शर्यतीची तऱ्हा असेल. नसते का? सगळीकडं सारखं झिजायला हवं, म्हणतेस. हो. उशी. आलं लक्षात.

नाही, हे तू जे मनात आणतेयस ते बापाबद्दल आणू नये माणसानं. ते तुझं वाईट करतील? त्यांचं एक वाक्य मला आठवतंय, इथं ओट्यापाशी उभे होते, कपबशी हातात — म्हणाले, वहिनी, मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते, काय होईल सांगता येत नाही. पुढच्यांची सुटली तर फार तर वळणावर रुंद, बाहेर जाते, मागं पडते, पण माणूस घरी येतो. बघ, किती काळजी त्या बोलण्यात. मी म्हटलं, बापाचं काळीज. असं काय बघतेस? मी चांगलंच सांगतेय त्यांचं. कधी म्हणाले? असेल मोसम सुरू व्हायच्या सुमारास. त्या दिवशी मी त्यांना पेढ्यासारखी बातमी दिली होती — म्हणजे तुझीच, तो टीमवाला तुला म्हणाला ना की या मोसमात पहिल्या तिघांत राहिलीस तर टीममध्ये जागा, तिकडंच राहायचं, तिकडंच शिकायचं. तू जिन्यात फोनवर बोलत होतीस, मी पायपुसणं झटकत होते. मला वाटलं घरी बोलली असशीलच. नव्हतीस? त्यांना माहीतच नव्हतं तर. म्हणून तसे एकदम बसले. या स्टुलावर. म्हणाले, मग घरात आवाज कुणाचा राहणार. मी म्हटलं, अहो, माझाही थोरला गेलाच की लांब, रविवारी फोन करतो, मरत नाही माणूस. मग उठून ओट्यापाशी गेले आणि ते पकड सुटायचं वाक्य म्हणाले. कप धुऊन ठेवला आणि गेले. तो कप त्यांनी कधी धुतला नव्हता त्याआधी.

आता मला कळतंय मी काय बोलून बसले ते. तू ऐकलंसच नाही असं कर. नाही, हे बघ, माणूस घाबरला की काय करेल याचा नेम नसतो. त्यांना वाटलं असेल गाडी जराशी मागं पडेल, मोसम जाईल, टीमवाला विसरेल, पोरगी घरी राहील. मातीत जाशील हे नसेल आलं मनात. तू मातीत गेलीस तेव्हा ते माझ्याकडं आले होते, बर्फ मागायला तुझ्या मानेसाठी, आणि हातातून ट्रेच सुटला. मी खाली बसून बर्फ गोळा केला. ते उभेच. पण मग निदान त्या दिवशी सांगायचं होतं ना तुला. ते नाही सांगितलं. हात जड झालाय, म्हणाले. परत तेच म्हणाले. मला हे नाही पटत. मी त्यांची बाजू घ्यायला बसले आणि मलाच पटत नाहीये.

पण तू मला यात नको ओढूस. हे बघ, मी एकटी बाई, मला दिव्याचा होल्डर बसवायचा तरी मिस्त्री लागतात, संध्याकाळी दोन शब्द बोलायला तेवढं एक माणूस येतं माझ्या दारात. रोज याच जिन्यानं वर-खाली करायचंय मला. तुला विचारायचं ते तू विचार खाली जाऊन, माझं नाव — ऐक. पाऊल वाजतंय. त्यांचंच आहे. डोळे पूस.

या, मिस्त्री, दार उघडंच आहे. आला का तो माणूस? बरं. थांबेल की जरा, गाडी कुठं पळून जातेय. नाही, काही नाही, आम्ही आपलं असंच — अगं, नको. त्यांच्यासमोर नको विचारूस मला. पंप आणि फुस्स आणि काय, मी स्वयंपाकघरात असते, कुकरची शिट्टी होते, नळ चालू असतो, मला काय धड ऐकू येतं. मिस्त्री, तुम्हीच सांगा. म्हणा की वहिनींना हल्ली कमी ऐकू येतं. मी हो म्हणेन. खरंच म्हणेन, शपथ घेऊन म्हणेन, तुम्ही फक्त बोला.

बोला ना.

ऐकलंय मी. हवा भरत होते हे, पोरी. सोडत नव्हते. दर शर्यतीला.

जा तू खाली. त्या माणसाला काय सांगायचं ते तुझं तू सांग. मिस्त्री, तुम्हीही जा तिच्या मागं. नाही, त्या स्टुलावर बसू नका. चहा नाही ठेवलेला मी.