मावशीची कात

नाही नाही, घाबरू नका ताई, चावत नाही ती — म्हणजे चावेलही, पण काचेच्या आत आहे, आणि तुमच्यात तिला काडीचाही रस नाही. बसा ना. त्या स्टुलावर बसा, ते डुगडुगत नाही. घड्याळाचा सेल गेलाय तुमचा, दुसरं काही नाही, पाच मिनिटांचं काम. तर काय विचारलंत? हो, कोळीच. टॅरँटुला म्हणतात. झाडावर राहणारी जात, म्हणून डबा असा उभा, आत सालीचा तुकडा उभा केलेला, आणि वर कोपऱ्यात ते जाळ्याचं बोगद्यासारखं घर. पायांची टोकं बघा, गुलाबी आहेत. माझ्या मुलीची आहे. नाव मावशी. हसा, हसा, सगळेच हसतात. मुलीनं आणली त्या दिवशी आमची ही किंचाळत गॅलरीत गेली, म्हणाली, एक तर ती राहील या घरात नाहीतर मी. तर मुलगी म्हणते, अगं आई, असं काय करतेस, मावशी आहे माझी, तुझी सख्खी बहीण — बघ, पाय पसरून बसायची सवयसुद्धा तीच! झालं. महिन्याभरात हीच मटार सोलायला डब्यासमोर बसायला लागली. सगळं घर सांगायची तिला. माझ्या तक्रारी तर काय, रोजच्या.

तुम्हाला घाई नाही ना? मग एक कराल का माझ्यासाठी? साडेचारला मुलीचा फोन येईल. एरवी नुसती बोलते, या वेळी म्हणाली, चेहरे दिसतात तो कॉल करते, मला मावशी दाखवा. तर तो फोन तुम्ही धरा, हा घ्या, तुमच्याजवळच ठेवा. जरा लांबून धरा. म्हणजे मावशी दिसेल, पण पुढचे पाय फार स्पष्ट दिसायचे नाहीत, एवढं अंतर ठेवा. माझा हात कापतो हो आजकाल... काय? हं. खोटं बोलतोय. या हातानं आता तुमच्या घड्याळाचा केसाएवढा स्क्रू काढला, तुमच्यासमोर. कापतोय कुठला.

सांगतो. सांगायलाच पाहिजे, मदत मागितलीय म्हटल्यावर. मुलगी परदेशात असते, तीन वर्षं झाली. दर शनिवारी फोन करते — आणि विचारते काय? मावशी जेवली का, मावशीला पाणी फवारलं का, रातकिडे फार मोठे तर देत नाही ना. बाबा, तुम्ही कसे आहात — नाही. ते नाही विचारत. चार मिनिटं, कधी सहा. मी काय करतो, मावशीचं रंगवून सांगतो. आज पाणी प्यायली, आज जाळं वाढवलं, आज रातकिड्यावर अशी झडप घातली. एखादा शनिवार आठ मिनिटं जातात मग. मावशी नसती तर फोनच नसता, ताई. हे काय मला कळत नाही? चांगलं कळतं.

दीड वर्षापूर्वी मावशीनं कात टाकली. साप टाकतो ना, तशी हीसुद्धा टाकते, आख्खी, पायांसकट, नखांसकट. मुलगी म्हणाली, बाबा, कात फेकू नका, त्यातूनच कळतं नर की मादी. साबणाच्या पाण्यात मऊ करायची, पोटाकडचा भाग अलगद पसरायचा, आणि वरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मधोमध बघायचं. पिशवीसारखी छोटी घडी दिसली तर मादी. मादी असेल तर दहा-बारा वर्षं सहज जगते. नर असेल तर — नराचं काय, वयात आला की शेवटची कात टाकतो, आणि मग काही महिने. फार तर वर्ष. सगळी माहिती दिली, आणि म्हणाली, दुसऱ्या कुणाला जमणार नाही, पण तुमची नजर आहे, बाबा. तीन वर्षांत माझ्याबद्दल बोललेलं तेवढं एक चांगलं वाक्य. मी काच पुसून त्यावर चिमट्यानं कात पसरली, टाचणीच्या टोकानं सुरकुत्या सरळ केल्या, भिंग डोळ्याला लावलं. चाळीस वर्षं हेच करतोय, ताई. दिसलं नाही असं व्हायची सोयच नाही. घडी नव्हती. सपाट होतं, अगदी गुळगुळीत. आणि मी फोनवर म्हणालो, आहे गं, घडी आहे, मादीच आहे तुझी मावशी. ती इतकी खूश झाली — हसली, खरंच हसली! म्हणाली, मग इथला करार संपला की येते आणि घेऊन जाते तिला. तिथं मोठा काचेचा डबासुद्धा करून ठेवलाय तिनं. फोटो पाठवला होता. दाखवू? राहू दे.

आता हे भिंग घ्या. लावा डोळ्याला, मिचकावू नका. तोंडाजवळ, पायांच्याही पुढे, ते दोन आखूड हात आहेत ना, त्यांची टोकं बघा. गोल, फुगलेली? बॉक्सर हातमोजे घालतात तशी? हां. दोन महिन्यांपूर्वी कात टाकली आणि बाहेर आली ती ही अशी. पोट बारीक, पाय लांबच लांब, पुढच्या पायांना आतून छोटे आकडे. तेव्हापासून खाणं सोडलंय. दिवसभर काचेवर फिरतो. पूर्वी कशी बोगद्यात निवांत असायची, आता चैन म्हणून नाही जिवाला, नुसता मादी शोधत फिरतो बिचारा. इथं कुठली मिळणार त्याला, या घड्याळांच्या दुकानात! मावशी कसली, काका आहे हा. आणि गेल्या शनिवारी माझ्याच तोंडून निघून गेलं, खात नाही गं फारशी, फिरते सारखी. मग म्हणाली, पुढच्या वेळी मला पुढचे पाय दाखवा. जवळून.

असं का बघताय? खोटं कशाला बोललो, असंच ना? तुम्ही तोंडानं विचारलं नाहीत, पण कपाळावर लिहिलंय.

आमची ही गेली त्याच्या आधी तिला मोठं दुखणं झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तीन महिने. मुलीची तिकडे नवी नोकरी, नुकती गेलेली. ही म्हणाली, पोरीला काही कळवू नका, धावत येईल, नोकरी जाईल तिची. मी ऐकलं. ऐकलं कसलं, मलाच सांगवत नव्हतं. दर फोनला — आई बरी आहे, जरा अशक्तपणा आहे, झोपलीय आत्ता. अकरा आठवडे झोपलीय आत्ता, झोपलीय आत्ता. पोरगी आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मग कपाटात तिला दवाखान्याची फाईल सापडली. तारखा होत्या ना त्यावर, आणि खाली माझी सही. भांडली नाही, ताई. भांडली असती तर बरं झालं असतं. फाईल परत जागच्या जागी ठेवली, मावशीचं सगळं मला समजावून सांगितलं, आणि गेली. आणि मी शहाणा, दीड वर्षापूर्वी पुन्हा तेच केलं. तिला वाईट वाटू नये म्हणून? छे हो. तेव्हाही नाही आणि आताही नाही. ती फोन ठेवून देईल याची भीती वाटते मला. तेवढंच आहे सगळं. लाज वाटते सांगायला, पण तेवढंच आहे.

हे घ्या तुमचं घड्याळ. बसवला सेल. वेळ लावून दिलीय, बघा, चार एकोणतीस —

आला. तिचाच. नाही, नको, तुम्ही नका उठू... थांबा, द्या इकडे तो फोन. मीच धरतो. हॅलो? हो, दिसतंय ना? थांब, काचेला लावतो. बघ. हो, तेच, टोकं. अजून जवळ? हे घे. ... हो. ... हो गं, नरच. ... नाही, आत्ता नाही कळलं मला. मागच्या कातीतच दिसलं होतं. ... नाही, चुकून नाही. नीट बघितलं होतं मी. ... फार दिवस नाहीत त्याच्याकडे. यायचं असेल तर आत्ता ये. ... हॅलो? ... आहेस ना?

ताई, तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.