कर्टुल्याचा दादला

जबाब देणार शकुबाई, तातेरावची आई. वय पासष्टच्या आसपास. धंदा शेती. शिक्षण, अक्षरं जुळवून वाचता येतं, लिहिता येत नाही. राहणार शिरड शहापूर. भाद्रपद वद्य पंचमी, सन १९४४.

ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की,

फिर्यादी तातेराव माझ्या पोटचा. तांड्यावरच्या रूपाबाईनं आमच्या बांधावरच्या कर्टुल्याच्या वेलींवर आणि घरावर करणी केली, अशी त्याची फिर्याद. बाई कालपासून चौकीत बसून आहे. आळ खोटा आहे.

बांधावर नऊ वेली होत्या. आठांना कर्टुली लागत, नववीला नुसती फुलं. ती वांझ समजून गेल्या साली मीच कुदळीनं खणली. कंद तान्ह्या लेकराएवढा निघाला. फेकून दिला. यंदा आठही वेली फुलल्या, पण एक फळ न धरता फुलं झडत गेली.

श्रावणात रूपाबाई गवताला आली. मी विचारलं, काहून असं झालं गं? ती हसली.

"आजी, तुमी दादला उपटला. ह्या आठी बाया हायत."

"वेलीला दादला? भांग पिऊन आली का?"

"बघा मंग."

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना, फुलं उमलायच्या वक्ताला, तिनं माळावरच्या नर वेलीची फुलं पळसाच्या पानात आणली. एकेक आमच्या फुलाला टेकवलं. ओळखू यावं म्हणून आपल्या डोईवरच्या फडकीचा लाल दोरा बांधला. अशी अकरा फुलं. तातेरावनं पुरावा म्हणून आणलेला दोरा तोच. तिनं मंत्र म्हटला नाही. शिव्या दिल्या, त्या डासांना.

तिसऱ्या दिवशी बिनदोऱ्याची फुलं गळाली. दोऱ्याची अकराच्या अकरा धरली. फुलाखालचं बोंड काटे घेऊन फुगत गेलं. मी रोज मोजलं. जन्मभर कर्टुली चिरली, हे ठाऊक नव्हतं. वहाणा काढून उभी राहिले. काहून, ते सांगता येत नाही.

घरावरच्या करणीबद्दल विचारलं म्हणून सांगते. माझ्या लेकीला चार लेकरं आहेत. तातेरावला नाही. पहिली बायको मनकर्णा सात सालांनी माहेरी धाडली. दुसरीला चार साल झाले. यात रूपाबाईचा हात नाही. तातेराव इथंच बोलला, "माय, गप ऱ्हा." ठाण्याच्या अमीन साहेबांनी त्याला बाहेर बसवलं. खोट कुणात, हे मी सांगत नाही. बाईमाणसात पाहू नये, एवढं सांगते. रूपाबाईला सोडावं.

लिहिलेलं जमादारानं मला वाचून दाखवलं. मनकर्णाच्या नावापुढं त्यानं आपल्या मनानं 'वांझ' लिहिलं होतं, ते मी अक्षरं जुळवून पाहिलं आणि खोडायला लावलं. बाकी माझ्या सांगण्याबराबर आहे.

शकुबाई, डाव्या अंगठ्याची निशाणी.